समुद्राकडे पाठ

भाचा टँकरवर सेकंड इंजिनियर आहे. आमच्या रत्नागिरीकडे वाडीगणिक असा एखादा असतोच, निम्मं वर्ष पाण्यावर आणि उरलेलं गावात बुलेटवर. दोनेक पावसाळ्यांपूर्वी एका सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा आई पडवीत टाकळा निवडत बसली होती. तिकडे नुकतं फटफटत होतं. त्यानं फोन रेलिंगबाहेर धरला. काळंभोर पाणी, लांबवर दिव्यांची एक रांग, एका टोकाला वायू जाळतात तिथली नारिंगी ज्योत आणि या सगळ्याच्या वर ढगात बुडालेला डोंगर. "आजी, हे मलाबो. इक्वेटोरियल गिनीची राजधानी," तो म्हणाला. "म्हणजे सध्या तरी. एजंट सांगत होता, सरकार आत जंगलात नवीन राजधानी बांधतंय. इथे समुद्रावरून कोणीही येतं म्हणे." आईनं देठ मोडता मोडता विचारलं, "समुद्र टाकून रानात चाललेत? कोणाला भ्याले एवढे?" तो हसला, काहीतरी बोललाही, पण आवाज तुटायला लागला होता. कॉल कटला. आई पुन्हा टाकळ्याकडे वळली. मी मात्र त्या प्रश्नात अडकले.

या देशाचं नाव आमच्या घरात आधीच येऊन गेलं होतं. ऑगस्ट २०२२मध्ये हिरोइक इदुन नावाचा टँकर तिथल्या नौदलानं अडवला. जहाजावर २६ जण, त्यातले १६ भारतीय. आधी काही महिने हे लोक इक्वेटोरियल गिनीत अडकले, मग त्यांना नायजेरियाच्या हवाली केलं गेलं आणि सुटका झाली ती मे २०२३मध्ये. त्या काळात ज्यांची मुलं जहाजावर आहेत अशा घरांत नकाशा उघडून हा ठिपका शोधला गेला नसेल असं घर विरळा. ठिपकाच तो. आपला कोकण विभाग क्षेत्रफळानं त्याहून थोडा मोठाच भरेल. माणसं वीस लाखांच्या आत. त्यातही देशाचे तुकडे: एक मोठा चौकोन आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर, कॅमेरून आणि गाबोनच्या मध्ये चेपलेला, आणि बियोको नावाचं बेट थेट वर, दुसऱ्यांच्या अंगणात. स्वातंत्र्यापासूनची राजधानी मलाबो त्या बेटावर. म्हणजे स्वतःच्या मुख्य भूमीपेक्षा तिला कॅमेरूनचा किनारा जवळ. बहुतेक जनता राहते चौकोनात, आणि सरकार राहत आलं बेटावर.

ही व्यवस्था कोणी ठरवून केलेली नव्हती. पंधराव्या शतकात फर्नांव दु पो नावाच्या पोर्तुगीज दर्यावर्दीला हे बेट दिसलं. आपल्याकडे गोव्यात जे आले त्यांचेच हे आधीच्या पिढीतले भाऊबंद. १७७८मध्ये पोर्तुगालनं ते स्पेनला देऊन टाकलं, मधल्या काळात इंग्रजांनीही तिथे गुलामांची जहाजं पकडण्यासाठी ठाणं मांडलं, आणि पुढे स्पॅनिशांनी कोकोचे मळे लावले. बंदर सोयीचं, जमीन ज्वालामुखीची, पाऊस तर विचारूच नका. बेटाच्या दक्षिण टोकाला उरेका नावाचं गाव आहे, तिथे वर्षाला दहा हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. आंबोलीचा पाऊस पाहून छाती दडपलेल्या माणसानं तिथला आकडा दोनदा वाचावा. तर मळेवाल्यांना जे सोयीचं होतं तेच १२ ऑक्टोबर १९६८ला स्वतंत्र झालेल्या देशाच्या गळ्यात राजधानी म्हणून पडलं.

त्यामुळे 'तुघलकी' हा शब्द जिभेवर आला तरी मी तो जरा दाबून धरला. आपल्याकडे राजधानी हलवण्याचा विषय निघाला की दौलताबादची गोष्ट निघतेच, आणि दिल्लीहून देवगिरीला निघालेल्या त्या लोंढ्याला आपण सातशे वर्षं हसतो आहोत. पण दक्षिणेत पसरलेल्या साम्राज्याचा कारभार मध्यभागातून पाहावा, हा विचार काही वेड्याचा नव्हे. शिवरायांनी तर सिंधुदुर्ग भर समुद्रात उभा केला, आरमार उभारलं, पण गादी ठेवली रायगडावर, सह्याद्रीच्या पोटात, जिथे शिडाच्या जहाजाची सावली पोचत नाही. समुद्राशी वैर नव्हतं, समुद्राची जाण होती. तेव्हा बेटावरून उठून मुख्य भूमीच्या मधोमध जाणं हे कागदावर तरी शहाणपणाचं वाटतं. अडचण त्या कागदाची नाही. कागद कोणाच्या हातात आहे, ती आहे.

जागा निवडली ती ओयाला. बाटा या देशातल्या सगळ्यात मोठ्या किनारी शहरापासून पूर्वेला शंभरेक किलोमीटर आत, मोंगोमो या पूर्व सीमेवरच्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवर, वेले नदीच्या खोऱ्यात. गर्द विषुववृत्तीय अरण्य. तेल सापडायच्या आधी हा भाग ओकुमेच्या लाकडावर जगत होता. प्लायवूडसाठी ज्याला जगभर मागणी असते ते हे झाड. आराखडा पोर्तुगीज वास्तुरचनाकारांनी काढला: आठ हजारांवर हेक्टर जमीन, १ लाख ६० हजार माणसं, संसद, मंत्रालयं, अध्यक्षांचा प्रासाद, विद्यापीठ, तळी, हिरवे पट्टे. देशाची एकूण लोकसंख्या डोळ्यांसमोर ठेवली तर हा आकडा केवढा होतो पाहा. शहराचं नाव आधी ओयाला, मग जिब्लोहो, आणि २०१७पासून सिउदाद दे ला पास, म्हणजे शांतीचं शहर. त्याच वर्षी फेब्रुवारीत मंत्रिमंडळानं काही काळ तिथे बस्तानही हलवलं. शहराच्या नावाच्या पाट्या अशा भराभर बदलतात तेव्हा मला उगीच शंका येते, की तिथे पत्त्यावर पत्र पाठवणारं कोणी नसावं.

मी उपग्रहाच्या नकाशावर ते शहर पाहते. रात्री सगळी निजानीज झाली की लॅपटॉप उघडायचा आणि बाटापासून रस्ता धरून बोटानं पूर्वेला सरकायचं, हा मध्यंतरी छंदच लागला होता. हिरवं, हिरवं, नुसतं हिरवं, आणि मग एकदम लाल. ती लाल माती पाहून पोटात काहीतरी हललं, कारण ती ओळखीची होती. आमच्याकडे डोंगर कापून चौपदरी रस्ता नेला तेव्हा पावसाळ्यात अगदी हाच रंग गटारांतून वाहत होता आणि धुतलेल्या धोतरांवर बसत होता. तिथे त्या लाल रंगावर अतिशय रेखीव काळे रस्ते आहेत. रुंद, दुभाजकांचे, दिव्यांच्या खांबांचे. वर्तुळाकार चौक. एक हॉटेल, साडेचारशेच्या आसपास खोल्यांचं, भोवती अठरा भोकांचं गोल्फचं मैदान. जे जे तिथे जाऊन आले ते एकच गोष्ट सांगतात, की रस्ते आहेत आणि रस्त्यावर गाड्या नाहीत. नव्या बंगल्यातल्या सोफ्यावरचं प्लास्टिक पाहुणे येईपर्यंत काढायचं नाही असं ठरवलेल्या घरासारखं हे सगळं.

पाहुणे येतील अशी सोय याआधीही केली होती. २०११मध्ये आफ्रिकन युनियनची शिखर परिषद मलाबोला भरली, त्यासाठी शहराबाहेर सिपोपोला समुद्रकाठी ५२ बंगले बांधले, एकेका राष्ट्रप्रमुखाला एकेक. पाहुणे आले, आठवड्याभरात गेले. बंगले राहिले.

आता आईचा प्रश्न. कोणाला भ्याले? याचं सरकारी उत्तर फार मोकळेपणानं दिलं गेलं आहे. अध्यक्ष तिओदोरो ओबियांग यांनी २०१२मध्ये बीबीसीला सांगितलं होतं, की मलाबोची सुरक्षितता राखणं कठीण आहे, आणि आपल्या व पुढच्या सरकारांना सुरक्षित जागा हवी. भीती निराधार नव्हती. मार्च २००४मध्ये भाडोत्री सैनिकांनी भरलेलं विमान हरारेत पकडलं गेलं. मोहीम होती ओबियांगना उखडून टाकायची, म्होरक्या सायमन मान हा ब्रिटिश सैन्यातला माजी अधिकारी, आणि हेलिकॉप्टरच्या पैशांसाठी पुढे दोषी ठरला तो मार्गारेट थॅचर यांचा चिरंजीव. यामागे होतं तेल. १९९५मध्ये बियोकोजवळच्या समुद्रात झाफिरो हे क्षेत्र सापडलं आणि कोको विकणारा देश बघता बघता दरडोई उत्पन्नात युरोपातल्या देशांच्या पंगतीला जाऊन बसला. पंगतीला बसला, पण ताटं मोजकीच होती, हे वेगळं. मग फेब्रुवारी २००९मध्ये बंदूकधारी माणसं होड्यांमधून थेट मलाबोच्या अध्यक्षीय प्रासादावर चालून आली. समुद्रानं तेल दिलं, आणि समुद्रातूनच ते न्यायला लोक आले. असं झाल्यावर माणसानं पाण्याकडे पाठ केली तर नवल नाही.

एवढं वाचून मी आईला उत्तर दिलंही. "चाच्यांना भ्याले," म्हटलं. तिला ते पुरेसं वाटलं. मला नाही.

कारण या देशात सत्ता खरोखर उलथली ती एकदाच, आणि ती होडीतून आलेल्यांनी उलथली नाही. पहिले अध्यक्ष फ्रान्सिस्को मासियास एन्गेमा यांची अकरा वर्षं म्हणजे त्या पिढीनं कुजबुजत सांगायची गोष्ट. देशाचा सुमारे तिसरा हिस्सा मारला गेला किंवा पळून गेला असा अंदाज सांगतात. पळता येऊ नये म्हणून मासेमारी बंद केली, होड्या नष्ट करवल्या. बेटावर राहून मासे नाहीत! माझ्यासारख्या कोकणातल्या बाईला बाकी सगळ्या क्रौर्यापेक्षा ही एक गोष्ट आधी कळते. बाजारात बांगड्याचा वास नाही, वाळूत जाळी नाहीत, किनारा आहे पण तिकडे कोणी जात नाही. पुढे मासियासना राजधानीचीच भीती वाटू लागली. ते मोंगोमोकडच्या आपल्या गावी जाऊन राहिले, रानात, आणि देशाची तिजोरीही बरोबर नेली. शब्दशः नोटा. ३ ऑगस्ट १९७९ला त्यांच्याविरुद्ध बंड झालं तेव्हा ते तिथेच होते. पंधरा दिवसांनी त्याच जंगलात ते सापडले. मलाबोतल्या एका सिनेमागृहात खटला चालला, आरोपी पिंजऱ्यात, प्रेक्षक खुर्च्यांवर. सप्टेंबर संपायच्या आत गोळ्या घातल्या.

बंड करणारा त्यांचा पुतण्या होता. तुरुंगाचा कारभार आणि सैन्य दोन्ही काकांनी त्याच्या हाती विश्वासानं दिलेलं. काका-पुतण्याचं राजकारण काय असतं हे मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. तो पुतण्या म्हणजे ओबियांग. १९७९पासून आजतागायत तेच अध्यक्ष. राजेमहाराजे सोडले तर इतकी वर्षं गादीवर बसलेला दुसरा राष्ट्रप्रमुख आज जगात नाही. आणि नवी राजधानी कुठे? काका जिथे पैसे घेऊन पळाले, जिथे पकडले गेले, त्याच मुलखाच्या वाटेवर. ज्या माणसानं स्वतः आतून येऊन सत्ता घेतली, त्याला आतून येणाऱ्यांचा मार्ग पाठ असणारच. तटबंदी मात्र त्यानं समुद्राच्या दिशेनं दाखवली. मला हे कळलं त्या रात्री मी नकाशावर मोंगोमो आणि ओयालामधलं अंतर मोजलं. फार नाही भरत.

अर्थात दुसराही एक धागा आहे आणि तो जास्त माणुसकीचा आहे. ओबियांग जन्मले ते मोंगोमोजवळ. आपलं गाव मोठं करावं ही इच्छा कोणाला नसते! आपल्याकडेही तालुक्याच्या हद्दीवर डांबर एकदम गुळगुळीत झालं की गाडीतला कोणीतरी म्हणतोच, "आलं साहेबांचं गाव." आफ्रिकेत ही इच्छा फार मोठ्या मापानं पुरी झाली. आयव्हरी कोस्टच्या उफुए-बोआन्यी यांनी आपल्या यामुसुक्रो गावाला १९८३मध्ये राजधानी केलं आणि तिथे रोमच्या सेंट पीटर्सशी बरोबरी करणारं बॅसिलिका बांधलं. वकिलाती मात्र आबिजानहून हलल्याच नाहीत. झाईरच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, मोबुटूंनी ग्बादोलिते या खेड्यात संगमरवरी महाल उभारले आणि कॉन्कॉर्ड उतरेल एवढी धावपट्टी केली. १९९७मध्ये ते पळाले, लोकांनी महाल लुटले, आणि आज तिथे भिंतींतून झाडं उगवली आहेत. ओबियांग यांनीही मोंगोमोला २०११मध्ये घुमट आणि खांबांच्या रांगांसकट बॅसिलिका बांधलं. विषुववृत्तावरचं रान बांधकामाला फार वेळ देत नाही. चार पावसाळे झाडलोट थांबली की पायऱ्यांवर शेवाळ, मग नेचे, मग रोपं. कोकणात बंद घर पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तरी मला त्या शहराची निव्वळ टिंगल करवत नाही. तिथे विद्यापीठ आहे आणि त्यात मुलं शिकतात. तेलाच्या पैशांतून या देशानं जे रस्ते केले ते आसपासच्या देशांच्या मानानं उत्तम आहेत, हे टीकाकारही कबूल करतात. किनाऱ्यावरून आतल्या गावी जायला पूर्वी पावसाळ्यात काय हाल होत असतील ते चिखलातली एसटी ढकललेल्या माणसानं ओळखावं. आतल्या एखाद्या फांग जमातीच्या कुटुंबाला पिढ्यान् पिढ्या सरकार म्हणजे समुद्रापलीकडचं काहीतरी वाटत आलं असेल. ते सरकार दारात आलं तर त्यांनी हरखू नये का? दुसरीकडे बेटावरचे मूळचे बुबी लोक आहेत. मलाबो हे नावसुद्धा त्यांच्याच एका राजाचं. त्यांच्या मातीतून राजधानी उठून फांगांच्या मुलखात जाते तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटतं की लुटल्यासारखं? दोन्ही असेल. आणि देशातल्या निम्म्या लोकांना धड पिण्याचं पाणी मिळत नाही हे मानवी हक्कवाल्यांच्या अहवालांत वाचलं की गोल्फच्या मैदानाला पाणी कुठून घालतात हा विचार डोक्यातून जात नाही.

वाळवंटाच्या कडेचं गाबोरोने, बोट्स्वानाची राजधानी, आठवतं अशा वेळी. बोट्स्वाना तेव्हा ब्रिटिशांचं बेचुआनालँड होतं आणि त्याचा कारभार चालायचा माफेकिंगहून, जे त्या प्रदेशात नव्हतंच, शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत होतं. स्वातंत्र्य तोंडावर आलं तेव्हा या लोकांकडे राजधानीच नव्हती. रेल्वेजवळची, धरणाला जोगी नदी असलेली जागा पाहिली, १९६४च्या सुमारास काम सुरू केलं आणि ३० सप्टेंबर १९६६ला तिथे झेंडा फडकवला. हिरे सापडायचे होते अजून. देश कफल्लक होता. शहर आखलं सुमारे २० हजार माणसांसाठी. आज ते दोन लाखांच्या पुढे गेलं आहे. पण मला त्यातला सगळ्यात आवडतो तो आराखड्यात नसलेला भाग. विटा वाहणारे, खड्डे खणणारे मजूर राहणार कुठे याचा विचार आराखड्यात नव्हता, तेव्हा त्यांनी आपापल्या झोपड्या बांधल्या आणि त्या वस्तीला नालेदी म्हटलं. ती उठवायचे बेत झाले, पण लोक हटले नाहीत. शेवटी सरकारनंच तिथे रस्ते आणि नळ दिले. ओल्ड नालेदी आजही आहे. शहर म्हणून गाबोरोनेचा खरा जन्मदाखला मी संसदभवनाला नाही, या वस्तीला देईन. ओयालाचे रस्ते बांधायला आलेले मजूर काम संपल्यावर कुठे गेले असतील? चौक इतके स्वच्छ आहेत, की तिथे वडापावची नाही तर तळलेल्या केळ्यांची एखादी गाडी लावायची हिंमत कोणाला झाली असेल असं वाटत नाही.

आणि आता पैसाच आटतोय. २०१४मध्ये तेलाचे भाव कोसळले, पाठोपाठ उत्पादन घसरत गेलं, अर्थव्यवस्था वर्षानुवर्षं आकसत राहिली. झाफिरोवर सुरुवातीपासून असलेली एक्सॉनमोबिल २०२४मध्ये देश सोडून गेली. ओयालातल्या क्रेन जिथल्या तिथे थांबतात, पुन्हा हलतात, पुन्हा थांबतात. कॉंक्रीटचे सांगाडे भर पावसात उभे असतात आणि सळया गंजून त्यांवरून तांबडे ओघळ उतरतात. ओबियांग यांचा जन्म १९४२चा. त्यांच्यानंतर या शहराचा धनी कोण याचं उत्तर देशात सगळ्यांना ठाऊक आहे: थोरले चिरंजीव तिओदोरीन, २०१६पासून उपाध्यक्ष.

या चिरंजीवांची आवडनिवड न्यायालयांच्या कागदपत्रांतून जगाला कळली आहे. पॅरिसच्या अव्हेन्यू फॉशवरचा महाल, त्यावरून २०१७मध्ये फ्रेंच न्यायालयानं दिलेली शिक्षा, जिनेव्हाजवळ २०१९मध्ये लिलाव झालेल्या त्यांच्या गाड्या, आणि मायकल जॅक्सनचा चमचमणारा हातमोजा. २०१४मध्ये अमेरिकन सरकारशी तडजोड करताना बरंच काही सोडावं लागलं, पण तो हातमोजा त्यांनी राखला. एक इबनी शाइन नावाची आलिशान नौकाही होती, ती स्विस तपासाच्या फेऱ्यात नेदरलँड्समध्ये अडकली होती. आणि त्या तडजोडीत विकायला लागलं ते घर तर ऐकाच. सुमारे तीन कोटी डॉलरना घेतलेलं, कॅलिफोर्नियात, मालिबूला, अगदी कड्यावर. बापानं घाबरून जंगलात अख्खं शहर बांधायला घेतलं, आणि मुलानं त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन घर घेतलं ते समोर प्रशांत महासागर दिसतो म्हणून.